थेट प्रक्षेपणातला प्रश्न

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी तालुक्याच्या एका कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. वय बावीस. माझ्याबरोबर टायपिस्ट म्हणून एक मुलगी होती, पारनेरच्या बाजूची, बोलायला फटकळ. बाकी सगळे पुरुष. संडास एकच, साहेबांच्या केबिनला लागून, आणि किल्ली साहेबांकडे. पुरुष मंडळी कुंपणाकडे जायची. आम्ही दोघी घरून निघताना चहासुद्धा टाळायचो. दुपारपर्यंत डोकं ठणकायचं, कामात चुका व्हायच्या, आणि मग 'पोरींचं कामात लक्षच नसतं' हे ऐकून घ्यायचं.

अशात वरून आदेश आला: तरुण कर्मचाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला पाहिजे, त्यांना कामात आनंद वाटला पाहिजे. त्यासाठी नगरला एका सभागृहात उपग्रहावरून कार्यक्रम दाखवणार होते. पुण्यातून तज्ज्ञ बाई बोलणार, आम्ही टीव्हीवर बघायचं आणि फोनवरून प्रश्न विचारायचे. एसटीने गेलो. साहेबही आले आणि पहिल्या रांगेत बसले.

बाई छान बोलत होत्या. आरशासमोर उभं राहा, स्वतःशी हसा, मनातलं मोकळेपणाने सांगा. प्रश्नांची वेळ आली तेव्हा कुणीच उठेना. टायपिस्टने मला कोपराने ढोसलं. मी जाऊन फोन घेतला. एका दमात विचारलं, "मॅडम, आमच्या कचेरीत बायकांना संडास नाही. म्हणून आम्ही दिवसभर पाणी पीत नाही. डोकं दुखतं. आत्मविश्वास कुठून आणायचा?"

फोनमध्ये खरखर झाली. पडद्यावर बाई हसल्या. "छान प्रश्न! कामाच्या ठिकाणी पाणी भरपूर प्यायलाच हवं. पुढचा प्रश्न?"

सभागृहात हशा पिकला. मी "हॅलो, हॅलो" करत राहिले, पण लाइन दुसऱ्या जिल्ह्याला गेली होती.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "सगळ्यांसमोर कचेरीची अब्रू घालवलीत."

एसटीत टायपिस्ट म्हणाली, "तू बराबर इचारलंस. तिला ऐकूच गेलं न्हाई, त्याला तू काय करनार?" मला रागाने रडू येत होतं.

पुढच्या कार्यक्रमाला आमच्याऐवजी दोन पुरुष कारकून गेले. आम्ही कचेरीमागच्या एका घराचं दार वाजवलं आणि तिथल्या काकूंना सरळ सांगितलं. "या की, त्यात काय विचारायचं?" त्या म्हणाल्या. तेवढी सोय झाली. पण आम्ही जागेवरून उठलो की साहेब घड्याळाकडे बघायचे, रोज. शेवटी मी बदली मागून घेतली. तोवर कचेरीत बायकांच्या संडासाची एक वीटही लागली नव्हती, आणि टायपिस्ट तिथेच राहिली.