वकिलावर मुकादम

केळझरचे प्रभाकरराव आधी वर्ध्यात, मग नागपुरात आणि शेवटी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात वकील झाले. तिथं ते फक्त अपिलं चालवत. नाव मोठं होतं. त्यांचं काम मी एकदाच पाहिलं, १९८१ साली, आणि पाहण्यात चूक केली.

मी जिनिंग-प्रेसमध्ये मुकादम होतो. रुईच्या गाठी बांधणारे दहा जण माझ्या हाताखाली. १९७३ मध्ये मालकानं आम्हा अकराही जणांना काढलं. म्हणे हे हंगामी मजूर, कापूस संपला की संबंध संपला. कामगार न्यायालयात आम्ही जिंकलो, नागपुरात हरलो. दिल्लीचं अपील प्रभाकररावांकडे होतं; तिथं हरलो तर गेट कायमचं बंद.

सुनावणीला एकानं जायचं ठरलं. गाठी बांधणारा डोमाजी म्हणाला, "अण्णाजी, तू जाय. आमच्या डोक्यावर उभा राह्यतं तसा वकिलाच्या डोक्यावर राह्यजो. अंगचोरी करू देऊ नको."

मी गेलो. मागच्या बाकावर बसलो.

मालकाचा वकील दीड तास बोलला. हात उगारले, जाडजूड पुस्तकं उघडली, दोनदा पाणी प्याला. भाषा कळली नाही, मेहनत कळली. असा गडी माझ्याकडे असता तर रोज चार गाठी जास्त निघाल्या असत्या.

मग प्रभाकरराव उठले. चार वाक्यं बोलले आणि बसले. न्यायमूर्तींनी एक पान उलटलं, मालकाच्या वकिलाला काहीतरी विचारलं. तो तिसऱ्यांदा पाणी प्याला.

व्हरांड्यात मी प्रभाकररावांना अडवलं.

"साहेब, हे काऊन? तो दीड घंटा राबला. तुमाले घामबी नाई आला. अकरा घरं आहेत मांगं!"

आजूबाजूचे काळे कोट थांबले. प्रभाकरराव शांत होते.

"मुकादम, ऑगस्टात कापूस असते का?"

"नाई."

"मंग दर ऑगस्टात तुमची हजेरी काऊन लागली?"

"मशीन खोलून साफ करत होतो. छपराची टिनं बदलवत होतो."

"तेच इचारलं म्या. पान दोनशे बारा. मालकाचाच हजेरीपट."

"एवढंच?"

"एवढं सापडाले तीन महिने लागले. नकला अशा फिक्या का डोळे गेले माहे. तवा कुठी होते तुमी, घाम पाहाले?"

मी त्यांची वाट सोडली.

महिन्याभरात निकाल आला. अकराही जणांना कामावर घ्या, तेही कायम म्हणून. ऐन हंगाम होता. सकाळी सातला आम्ही गेटापाशी जमलो.

"किती बोलला आपला वकील?" डोमाजीनं विचारलं.

"चार वाक्यं."

"अकरा माणसाइले चार? अन् तू पाहत बसला?"

भोंगा वाजला म्हणून वाचलो.

नऊपर्यंत तीन गाठी झाल्या. डोमाजीच्या गाठीची पट्टी सैल होती. मी ती पुन्हा दाबाखाली घालायला लावली.