शेतातल्या चर्चचे मास्तर

मास्तर दर रविवारी बरोबर साडेदहाला घंटा वाजवत. कॅनडातल्या लंडनहून पाऊण तासावर, मक्याच्या शेतांच्या मधोमध, ते विटांचं लहानसं अँग्लिकन चर्च होतं. उपासनेला सात-आठ म्हातारे शेतकरी यायचे. बर्फ पडला की तेही नाहीत. मास्तर मात्र सकाळीच येऊन रस्त्यापासून दारापर्यंतची वाट शोव्हलने बर्फ उपसून मोकळी करून ठेवत. एकदा मी विचारलं, "आज कोण येणार आहे, मास्तर?" तर म्हणाले, "नाही आलं तर नाही. पण वाट नव्हती म्हणून आलो नाही, असं कुणी म्हणायला नको."

ते नगरकडचे ख्रिस्ती, तिकडे शाळेत शिक्षक होते. मुलगी रूथ इथे नर्स, तिच्यामागून नवराबायको आले. बायकोही शिक्षिकाच, म्हणून तिला ते 'आमच्या बाई' म्हणत. बाई गेल्या तेव्हा त्यांना याच चर्चमधून नेलं आणि मागच्या मेपलच्या झाडाखाली पुरलं. "मलाही इथूनच न्या," मास्तर म्हणायचे, "घंटा वाजवून. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वाजवली, एकदा माझ्यासाठी वाजू द्या."

चर्चला लागून एक हॉल होता. आमच्या मराठी मंडळाचा गणपती नऊ वर्षं त्या हॉलमध्ये बसला, आणि तिथल्या म्हाताऱ्यांना पटवलं होतं ते मास्तरांनीच. खुर्च्या तेच मांडत, हीटिंग तेच लावून ठेवत. त्या किचनमध्ये चर्चच्या जेवणावळीला हॅम शिजतो हे कळल्यापासून आमच्या बायका आपली भांडी आणायच्या, आणि मास्तरांच्या देखत ओटा पुन्हा घासायच्या. ते आदल्या दिवशी तो घासून गेलेले असत. "मी घासलाय," ते हसून म्हणत, "तुम्हीही घासा. चकचकीत होईल." आरतीच्या वेळी ते बाहेर पायरीवर बसत. आत या, असं त्यांना नऊ वर्षांत आमच्यापैकी कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मीही म्हटलं नाही.

मग चर्च बंद करायचं घाटू लागलं. वरच्या लोकांनी सांगितलं, आसपासची माणसं ही जागा वापरत असतील तर तसं मुदतीत लेखी द्या, मग विचार करू. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या घरी आले. मी मंडळाचा सेक्रेटरी. "सेक्रेटरीसाहेब, एक चिठ्ठी हवी. आम्ही इथे सण करतो, एवढंच लिहा. तुमची शंभर माणसं येतात, आमची आठ. तुमच्या सहीला वजन आहे."

मी विषय मीटिंगमध्ये ठेवला. सगळी पुण्या-नागपूरची शिकलेली माणसं. "मास्तर चांगलेच आहेत हो, पण चर्चला सपोर्ट लेटर म्हणजे जरा ऑकवर्ड होतं." "उद्या कुणी फेसबुकवर टाकलं तर?" "नेक्स्ट मीटिंगला बघू ना." तेवढ्यात मोदकांच्या ऑर्डरचा विषय निघाला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही. वास्तविक मी एकट्याने सही करून चिठ्ठी पाठवू शकलो असतो, मला कुणी अडवलं नसतं. मुदत टळल्यावर मास्तरांचा फोन आला. "गेली ना चिठ्ठी?"

"हो मास्तर, गेली."

"वाटलंच होतं मला. आपली माणसं आहेत शेवटी."

चर्च बंद झालं. टोरंटोच्या एका जोडप्याने विकत घेऊन त्याचं वीकेंडचं घर केलं. आमचा गणपती लंडनच्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये गेला. पार्किंग भरपूर, वॉशरूम चांगले, सगळे खूश. मास्तरांना मात्र आम्ही तिथे कधी बोलावलं नाही. पायरीवर बसायलासुद्धा नाही.

दोन वर्षांनी, जानेवारीत, मास्तर गेले. प्रार्थना शहरातल्या फ्युनरल होममध्ये झाली. मंडळातून मी एकटा होतो. तिथून गाड्या शेतांकडे निघाल्या, कारण बाईंशेजारची जागा तेवढी त्यांची होती. घंटा अजून वर टांगलेली होती, पण दाराला कुलूप होतं आणि घरमालक शहरात. रस्त्यापासून आत जायला वाट नव्हती. गुडघाभर बर्फ होता. पेटी नेणारे दोनदा घसरले. शोव्हल आणायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

सगळं आटोपल्यावर रूथ माझ्याजवळ आली. डोळे पुसत म्हणाली, "अंकल, एक सांगायचं होतं. चर्च बंद झालं तरी बाबा शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे, माझ्या लोकांनी चिठ्ठी लिहिली होती. इट मेंट सो मच टू हिम. थँक यू."

खरं सांगायची ती शेवटची संधी होती. मी म्हणालो, "यू आर वेलकम, बेटा."