राब पेटवायचा दिवस

माझे वडील लढाईवरून परत आले आणि टोकावड्याजवळच्या आमच्या गावात सगळे त्यांना पलटणवाले म्हणू लागले. मला तो शब्द कधीच आवडला नाही. पलटणीत ते चार-पाच वर्षं होते, आमचे बाप मात्र जन्मभर. ब्रह्मदेशातून आलेला हा माणूस सकाळी ओटीवर बसून आम्हा तिघी बहिणींच्या डोक्याला तेल लावायचा, वेण्या घालायचा. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "हसा गो, तुमच्या नवऱ्यांना येतंय का बघा," असं ते म्हणायचे. वेण्या इतक्या घट्ट असायच्या की भुवया वर ओढल्या जायच्या. तरी आम्हाला त्यांच्याच हातच्या लागायच्या.

तो पहिला वैशाख मात्र वाईट आला. भाताचं रोप करायच्या जागेवर आमच्याकडं शेण, झाडांचा टहाळ, गवत, पालापाचोळा असं थरावर थर रचतात, वर माती भुरभुरवतात आणि पावसाआधी पेटवून देतात. त्याला राब म्हणतात. राब भाजला नाही तर रोपापेक्षा तणच जास्त, आणि रोप नाही तर वर्षाचं भात नाही. वडिलांनी राब सुरेख रचला, पण पेटवायचं नाव काढेनात. आज वारा आहे, उद्या बघू. आजूबाजूचे राब भाजून काळे झाले, आमचा तसाच. चुलते एकदा चिडून म्हणाले, "दादा, पाऊस काय तुझ्यासाठी थांबनार हाय?" वडील उठून गोठ्यात गेले.

मग ते मुरबाडच्या बाजाराला गेलेले पाहून चुलत्यांनी राब पेटवला. चुलत्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही, घरात खाणारी तोंडं होती. आग बाहेर सरकू नये म्हणून आम्ही बहिणी ओल्या फांद्या घेऊन बांधावर उभ्या होतो. धूर चांगला वर चढला आणि वडील वाटेवरून धावत आले. बाजाराची पिशवी कुठं टाकली कोण जाणे. थेट जळत्या राबात शिरले आणि हातांनी टहाळ उपसू लागले. आमची नावं घेऊन हाका मारत होते. मी अगदी समोर उभी राहून "बाबा, बाबा" म्हणून ओरडत होते, पण त्यांना ऐकूच येत नव्हतं.

शेवटी आई आत शिरली आणि त्यांना कमरेला धरून तिनं बाहेर ओढलं. "अवो, पोरी इथं हायत. बघा तरी." त्यांनी आमचे हात चाचपले, एकीचा, मग दुसरीचा, मग तिसरीचा. त्यांच्या तळपायांची कातडी गेली होती. आईला एवढंच म्हणाले, "तिथं एक गाव जळताना बघितलं गो. आत पोरं व्हती. आमाला पुढं चालायचा हुकूम व्हता." त्यावर पुन्हा ते कधी बोलले नाहीत. तो हुकूम देणाऱ्याचा मला अजून राग येतो.

अर्धा राब कच्चाच राहिला आणि त्या वर्षी आम्ही नाचणीवर दिवस काढले. पुढच्या वैशाखात आईनंच तोड काढली. राब लावायच्या आधी तिनं आम्हाला बांधावर वडिलांजवळ बसवलं. त्यांनी आमचे हात घट्ट धरले आणि चुलत्यांना म्हणाले, "लाव." आग विझेपर्यंत त्यांनी हात सोडले नाहीत, आमच्या बोटांना मुंग्या आल्या. गावाची फुकट करमणूक झाली, पण रोप झकास आलं.

मग माझं लग्न झालं, शहापूरच्या बाजूला. वैशाखात वडील चालत माझ्या सासरी आले. सासूबाईंना म्हणाले, "पोरीला दोन दिवस न्यायचंय. राब लावायचाय."

"आमचापन राब हाय," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या घरात काय मानसं नाय?"

खरं कारण सांगायची वडिलांना लाज वाटली. "बरं," म्हणून ते वळले. मला ते बघवेना. हातातली शेणाची पाटी मी खाली ठेवली आणि नव्या सुनेनं कधी करू नये ते केलं. त्यांच्या मागून चालू लागले.

आमचा राब भाजला, पण मला न्यायला सासरहून कोणी येईना. पाऊस सुरू झाला, लावणी झाली, तरी नाही. "माझ्यामुळं तुझा संसार मोडतोय गो," वडील म्हणायचे. मी म्हणायचे, मोडू दे. अखेर तेच मला घेऊन गेले. सरकारनं ज्याच्या छातीवर बिल्ले लावले होते तो माणूस सासूबाईंच्या अंगणात मुंडासं काढून, हात जोडून उभा राहिला. "पुन्यांदा तिला न्यायला येनार नाय," म्हणाला. मला इतकं रडू कोसळलं की सासूबाईंनीच हाताला धरून मला आत नेलं.

पुढच्या वैशाखात ते आले नाहीत. मला वाटलं, बरे झाले असतील. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आईनं सांगितलं. धाकट्या दोघींचे हात धरून बसले होते, पण धूर उठला तसे उठले आणि शहापूरच्या वाटेला लागले. अर्ध्या वाटेवरच्या किन्हवलीपर्यंत चालत आले. तिथं वाटेवर बराच वेळ उभे राहिले आणि माघारी फिरले. शब्द दिला होता ना.

मला कोणी सांगितलं असतं, तर उरलेली वाट मी चालून गेले असते.