जावयाच्या वरची बोली

फुटबॉल मला कळतो असं मी आजही म्हणणार नाही. ऑफसाइड म्हणजे काय ते मुलीनं वाट्या-चमचे मांडून समजावलं, तरी पंचानं निशाण वर केल्याशिवाय माझ्या काही लक्षात येत नाही. पण फँटसी फुटबॉलचं मला वेड लागलं, कारण त्यात फुटबॉल कमी आणि माणसं जास्त आहेत. इंग्लंडमधल्या खऱ्या खेळाडूंमधून आपण आपला संघ निवडायचा. तिकडे त्यांनी गोल मारला की इकडे यवतमाळात आपल्याला गुण. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईला यापेक्षा चांगला उद्योग कोण देणार?

मुलीचं लग्न झालं त्या वर्षी तिनंच ही घरची लीग काढली. त्यात पाच जण: मी, माझा नवरा, नेरहून येणारे माझे दीर, मुलगी आणि जावई. जावई मुकुटबनचा. आईवडील लहानपणीच गेले, मग शिक्षण संपेपर्यंत होस्टेल. आता वणीला बँकेत आहे. आमच्याकडे आला की पाठ ताठ ठेवून खुर्चीच्या कडेला बसायचा आणि पुस्तकातलं मराठी बोलायचा. "चालेल." "पुरे, धन्यवाद." घरात कुणी कुणाला धन्यवाद म्हणतं का? मला त्याची फार कीव यायची आणि थोडा रागही यायचा.

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यात सोपी लीग खेळलो. प्रत्येकाला ठरावीक बजेट, त्यात बसतील ते खेळाडू घ्या. एकच खेळाडू पाचही जणांनी घेतला तरी हरकत नाही. मला वाटलं, वा, कुणाच्या ताटातलं कमी होत नाही! पण महिनाभरात कळलं की सगळ्यांचे संघ जवळपास सारखेच झालेत. नामी खेळाडू सगळ्यांकडे, मग त्यानं गोल मारला काय आणि पेनल्टी चुकवली काय, फरक कुणालाच नाही. या लीगमध्ये खरी अक्कल लागते ती स्वस्तातला, कुणाच्या ध्यानात न आलेला खेळाडू हेरायला. आणि या लीगमध्ये भांडण होत नाही. जावई अख्खा मोसम "छान" म्हणत राहिला.

त्या दिवाळीनंतर मुलगी मला एकटीला गाठून म्हणाली, "आई, त्याले इथं यायचं म्हटलं का दडपण येते. म्हणते, तुमच्या घरी मी लग्नातल्या पाहुण्यासारखा असतो. होस्टेलात शेवटच्या पोळीवरून मारामाऱ्या व्हायच्या, तरी ते घर वाटायचं."

ज्या पोराला घर म्हणून आमच्याशिवाय कुणी नाही, तो आमच्याच दारात अवघडतो, याचं मला मनापासून वाईट वाटलं. कित्येक दिवस तेच डोक्यात होतं. मग आम्ही मोठ्यांनी मिळून काय केलं, तर त्याचा आणखी मान ठेवला.

दुसऱ्या वर्षी ड्राफ्ट लीग ठरली. यात एक खेळाडू एकाच संघात. पाळीपाळीनं निवडायचं, आणि क्रम नागमोडी: पहिल्या फेरीत जो शेवटी, तो दुसऱ्या फेरीत पहिला. या प्रकाराचं मला भारी कुतूहल वाटलं. इथे सर्वांत चांगला कोण हा प्रश्नच नसतो. आपली पाळी परत येईपर्यंत कोण उरणार नाही, हा प्रश्न असतो. गोलकीपर खंडीभर मिळतात, त्यांना शेवटी घ्यावं. खात्रीनं गोल करणारे मोजकेच, त्यांच्यावर आधी झडप घालावी. मी आठवडाभर नवऱ्याचं डोकं खाल्लं.

क्रमासाठी चिठ्ठ्या टाकल्या. पहिला नंबर दिरांना लागला. त्यांनी चिठ्ठी उघडली, बघितली आणि जावयाच्या हातात ठेवली.

"जवाईबुवा, पहिला नंबर तुमचा. पोळ्याले मानाची जोडी पहिले निघते, मंग बाकीच्याह्यचे बैल."

"नको, काका, चिठ्ठी तुमची आहे."

"अहो घ्या नं! आपल्या घरची रीत हाये."

रीत म्हटल्यावर त्यानं चिठ्ठी ठेवून घेतली. पुढे तर कहर. तो ज्या नावावर क्षणभर थांबे, ते नाव नवरा ओलांडून जाई. मीही गेले. आम्ही तिघं म्हातारे मूग गिळून त्याच्यासाठी वाट मोकळी करत होतो, आणि मुलगी आमच्याकडे डोळे वटारून बघत होती. लीग अर्थातच त्यानं जिंकली. शेवटच्या रविवारी दीर आनंदानं म्हणाले, "तो गोल मारणारा लांबुटका तं आमी मुद्दामच सोडला होता तुमच्यासाठी!"

जावयाचा चेहरा उतरला. "हो का," एवढंच म्हणाला. त्यानंतर बरेच दिवस वणीहून मुलगी एकटीच येत राहिली. कधी त्याला काम असायचं, कधी त्याचं डोकं दुखायचं. माझा जीव टांगणीला लागला. हे असंच राहिलं तर हा पोरगा आमच्या घरातून कायमचा तुटेल, अशी धास्ती वाटायची.

तिसऱ्या वर्षी मुलीनं लिलाव मांडला. "आता पाहू कोण कोणाले सोडते," म्हणाली, आणि त्याला ओढूनच आणलं. लिलावात पाळी नाही, क्रम नाही. प्रत्येकाला खर्चायला शंभर गुण, त्यात पंधरा खेळाडू विकत घ्यायचे. ज्याच्यात हिंमत, त्याचा खेळाडू. यातली खुबी अशी की आधी आपल्याला नको असलेली मोठी नावं पुकारावीत, म्हणजे बाकीचे त्यांच्यावर गुण उधळतात. आपण हात आखडता घेऊन बसावं.

पण इथेही तेच. जावयानं बोली लावली की दीर सुपारी कातरायला लागत, नवरा चष्मा पुसायला. त्याचा आवाज हळूहळू बसत गेला. मुलगी आकडे लिहीत होती, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं.

मग त्यानं एक नाव पुकारलं. एका छोट्या क्लबचा, डाव्या बाजूनं पळणारा किडकिडीत पोरगा. याच्याबद्दल त्यानं मला सकाळी चहा उकळत असताना सांगितलं होतं. कसा अनाथालयात वाढला, कसा दोनदा संघाबाहेर पडला, आता कसा चेंडू घेऊन सुटतो. तीन वर्षांत तो माझ्याशी इतका वेळ कधी बोलला नव्हता.

"दहा," जावई म्हणाला, आणि मुलीनं लिहून घ्यायला पेन टेकवलं.

"अकरा," मी म्हणाले.

नवऱ्यानं मला कोपरानं ढोसलं. दिरांचा अडकित्ता थांबला.

"बारा," जावई म्हणाला. त्याला वाटलं असेल, सासूबाईंची चूक झाली.

"तेरा."

तो वळून माझ्याकडे बघायला लागला. आकडे वर चढले. मी मनात हिशेब केला होता: त्याच्याकडे सव्वीस गुण, भरायच्या जागा पाच. बाकीच्या चार जागांसाठी एकेक गुण राखायलाच हवा. म्हणजे या एकावर बावीसच्या पुढे तो जाऊच शकत नव्हता. हा उठून गेला तर? कायमचाच गेला तर?

"बावीस!" तो जवळजवळ ओरडला.

"तेवीस."

जावई उभा राहिला.

"ओ आई! असं कायले करता? तो माहा होता! सकाळी चहा उकळत होता तवा मी तुमाले सारं सांगतलं, अन् तुमी मायाच मुळावर उठल्या?"

"मंग सांगतलं काहून?" मी म्हणाले. "लिलावाच्या दिवशी कोणी सांगते?"

"लबाड हाये तुमी!"

दीर घाईघाईनं म्हणाले, "अहो वहिनी, देऊन टाका नं त्याह्यले!"

"कोणी देऊ नका!" जावई त्यांच्यावरच उखडला. "मले नाही पाह्यजे फुकटचं. बसा तुमी काका!" आणि खुर्ची सोडून तो माझ्या समोर सतरंजीवर मांडी ठोकून बसला, माझं शेवेचं ताट स्वतःकडे ओढलं, बकाणा भरला आणि भरल्या तोंडानं म्हणाला, "चला, पुढचा पुकारा. आता पाहतोच मी तुमाले."

मला इतकं बरं वाटलं की पुढच्या गोलकीपरवर बोली लावायचीच मी विसरले, आणि तो त्यानं एका गुणात उचलला.