अक्कासाठी व्हिएतनामी सूप: पुणे ते इंदापूर

स्वारगेटहून बारामतीची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. तिच्यात तांदळाच्या चपट्या नूडल्स, चक्रीफूल, दालचिनी आणि माशांपासून केलेल्या खाऱ्या सॉसची काचेची बाटली. लोक बहिणीकडे जाताना साडी नेतात, निदान बाकरवडी तरी नेतात. मी व्हिएतनामी सूपचं सामान घेऊन निघालो होतो आणि ते आपल्याच्यानं होणार नाही, या धास्तीनं हडपसर यायच्या आत पाण्याची बाटली संपवली होती.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका गावात दिलेली. तिच्या घशात गाठ निघाली आणि शेक (रेडिएशनला आमच्याकडे हेच म्हणतात) घ्यायला ती दोन महिने पुण्यात माझ्याकडे राहिली. गाठ विरली, पण तोंडाची चव गेली. भाकरी मातीसारखी लागते, दूध लोखंडासारखं लागतं, असं ती म्हणायची. तिखट तर जिभेला टेकवायची सोय नव्हती. दवाखान्याजवळ एक व्हिएतनामी हॉटेल होतं. एका दुपारी मलाच भूक लागली म्हणून आम्ही आत शिरलो. मोठ्या वाडग्यात कोंबडीचं नितळ पाणी, नूडल्स, वर हिरवा पाला. त्याला फो म्हणतात. अक्कानं एक चमचा घेतला, थांबली, दुसरा घेतला आणि वाडगा रिकामा केला. त्यानंतर प्रत्येक शेक झाला की आम्ही तिथं जायचो. बहिणीला मी काहीतरी मिळवून दिलं म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो.

ती गावी परतली आणि तिचं खाणं थांबलं. महिन्याभरानं, एका गुरुवारी दाजींचा (बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे हेच म्हणतात) फोन आला. "सोमवारी वजन करायचंय. अजून उतरलं तर नाकातनं नळी घालतो म्हणलेत डॉक्टर. नळीचं नाव काढलं की ही भिंतीकडं तोंड करती." मी हॉटेलात जाऊन तिथल्या आचाऱ्याकडून कृती लिहून घेतली. त्या रात्री घरी करून पाहिलं. सूप कडू झालं आणि धुणं धुतल्यासारखं गढूळ दिसलं. तरी शुक्रवारी सकाळी निघालो, कारण अक्काच्या घरी शनिवारी कोंबडी शिजत नाही. रविवारी केलं तर सोमवारच्या वजनाला उशीर झाला असता, म्हणजे हाताशी एकच दिवस होता.

पाटस सोडल्यावर एका गतिरोधकावर एसटी अशी उडाली, की पिशवी मांडीवरून पत्र्यावर आपटली. आत काचेचा आवाज झाला. मी पिशवी उघडायच्या आधीच वास उघडला. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं फेट्याचा शेमला नाकाला लावला आणि मागं वळून मला म्हणाला, "पाव्हणं, काय मेलंय काय पिशवीत?"

"सॉस आहे, तात्या. माशाचा."

"मासा ताजा तरी घ्यायचा," तात्या म्हणाले. वाहकानं मला शेवटच्या सीटवर, खिडकी उघडी ठेवून बसायला सांगितलं. बारामतीपर्यंत माझ्या शेजारी कोणी आलं नाही. मी नूडल्सचं पाकीट चाचपून पाहिलं. ते फाटलं होतं, नूडल्स सॉसमध्ये भिजल्या होत्या आणि त्यांत काचा होत्या. आजारी माणसाच्या ताटात काच गेली तर, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. बारामती स्टँडवर उतरल्या उतरल्या नूडल्स आणि बाटली दोन्ही कचऱ्यात टाकल्या. चक्रीफूल आणि दालचिनी डबीत होती, तेवढी वाचली.

बारामतीत काय मिळत नाही? चकचकीत दुकानं आहेत, कॉलेजं आहेत, परगावची पोरंपोरी आहेत. मी तीन दुकानं हिंडलो. तिसऱ्या दुकानदारानं हक्का नूडल्सचं पाकीट पुढं केलं.

"गव्हाच्या नकोत. तांदळाच्या आहेत का?"

"तांदळाच्या शेवया हुत्या, संपल्या. इंदापुरात बघा. पेशंटला पायजेत का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तोंडावर दिसतंय की," तो म्हणाला आणि पैसे न घेता लिंबाच्या दोन गोळ्यांची पुडी माझ्या हातावर ठेवली.

इंदापूरच्या गाडीनं गावच्या फाट्यावर उतरलो तेव्हा अकरा वाजत आले होते. गाळपाचे दिवस, दोन्ही बाजूंना ऊस तोडलेला आणि वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, ओला वास. एरवी मला हा रस्ता आवडतो. त्या दिवशी काही दिसलं नाही. अक्का ओसरीवर बाजेवर पडली होती. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. महिन्याभरात माणूस इतकं उतरतं हे मला माहीत नव्हतं. मी तिच्यापुढं हसलो आणि पिशवी घेऊन मागच्या अंगणात गेलो, कारण तिथंच उभा राहिलो असतो तर रडलो असतो.

अंगणात चूल पेटवून नानी बसल्या होत्या. नानी म्हणजे अक्काच्या सासूबाई. त्यांच्या लहानपणी घरात मेंढरं होती, आठ महिने वाड्यावस्त्यांवरून फिरणं होतं. आता सगळी शेती. मी येतोय असा फोन केला होता म्हणून त्यांनी गावठी कोंबडी साफ करून, धुऊन ठेवली होती. मी कागद काढला आणि कांदा नि आलं निखाऱ्यावर काळं होईपर्यंत भाजलं. ते पाहून नानी खूश झाल्या. "हे तर आमचंच हाय," म्हणाल्या. मग मी कोंबडी पातेल्यात घातली, भाजलेला कांदा, आलं, फडक्यात बांधलेलं चक्रीफूल नि दालचिनी, मीठ आणि भरपूर पाणी.

"मसाला कुटला घालायचा?" नानींनी विचारलं.

"काहीच नाही."

नानी माझ्याकडे बघत राहिल्या. ती बघण्याची तऱ्हा मी ओळखायला हवी होती.

वर आलेला फेस काढला. पाणी नितळ दिसू लागलं आणि मला पहिल्यांदा जरा धीर आला. पण नूडल्सवाचून ते फो कसलं? दाजी शेतात ऊसतोडीच्या टोळीपाशी अडकले होते, त्यांची मोटरसायकल दारात होती. "नानी, मंद जाळ ठेवा, याला हात लावू नका. मी तासाभरात इंदापूरहून येतो."

"बघते की," नानी म्हणाल्या.

इंदापूरच्या बाजारात तांदळाच्या शेवया पहिल्याच दुकानात मिळाल्या. तिथूनच परतलो असतो तर ही हकिगत लिहावी लागली नसती. पण सॉसची बाटली फुटल्याचं मला चैन पडू देईना. आचाऱ्यानं ती चव दोनदा अधोरेखित केली होती. धरणाच्या माशांचा बाजार जवळच होता. एका मावशीच्या टोपलीत सुकी मासळी दिसली. म्हटलं, पाण्यात उकळून गाळून घेऊ.

"कुणासाठी?" मावशींनी विचारलं.

"बहीण आजारी आहे. घशाचं दुखणं. सूप करतोय."

त्यांनी तराजूकडं नेलेला हात मागं घेतला. "घशाचं दुखणं आन् खारं सुकट? कुणी सांगितलं तुमास्नी?"

मी कागद दाखवला. त्यांनी तो बघितलासुद्धा नाही. "कागदाला घसा हाय का? न्हाय देत मी. दुसरीकडं घ्या, पर घेऊ नका."

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी कागदाची घडी घातली. दोन महिने मी तिला जे पाजत होतो त्यातलं मला काय कळत होतं? काही न घेता गाडीला किक मारली. तर गावाच्या अलीकडं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रस्त्यात आडवा झालेला, मागची ट्रॉली कलंडून ऊस पसरलेला, दोन्हीकडं एसट्या आणि टेम्पो थांबलेले. बाजूला चर होता, मोटरसायकल निघायची सोय नव्हती. मी उतरून दहाजणांबरोबर ऊस उचलू लागलो. पातेल्यातलं पाणी आटलं असेल, करपलं असेल, अक्का वाट बघून झोपली असेल, असं काय काय मनात येत होतं. तासाभराचे तीन तास झाले.

घराच्या वळणावर आलो आणि वास आला. लसूण, खोबरं, कांदालसूण मसाला. शेजारच्या घरातून येत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. अंगणात गेलो तर पातेल्यात वर बोटभर लाल तर्री तरंगत होती.

नानी पदराला हात पुसत उठल्या. "आला व्हय? हात-पाय धुवा. कालवण झालंय, भाकरी टाकते."

"नानी, हे काय केलं तुम्ही?"

"फोडणी दिली. दोन वाजून गेलं, किती शिजवायचं?"

"मी हात लावू नका म्हणालो होतो."

"आवं, सुनंचा भाऊ घरी आलाय. त्याला काय पांढरं पाणी वाढू? आमच्यात असं करत न्हायत."

माझा तोल गेला. "मला कुठं हवं होतं ते? तिच्यासाठी होतं. तिच्या घशाची आग होईल यानं. उद्या शनिवार, परवा केलं तरी एका दिवसात काय होणार, सोमवारी नळी घालतील तिला. तुम्हाला एवढंही कळत नाही?"

सत्तरी ओलांडलेल्या बाईला, तिच्याच अंगणात, मी हे बोललो. नानींचा चेहरा उतरला. त्या चुलीपाशी बसल्या, काठवटीत पीठ घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आत जावा. तिला बघून या."

अक्का बाजेवर उठून बसली होती. पाठीला उशी, ओठांना ओलसर चमक. पुढं स्टीलची वाटी, आणि वाटीच्या शेजारी कोंबडीचं एक हाड, पांढरं स्वच्छ चोखलेलं.

"नानींना कशाला ओरडतोस?" तिचा आवाज घोगरा होता. "फोडणीच्या आधी माझी अळणी त्यांनी काढून ठेवली की. दोन वाट्या झाल्या. तिसरी मागितली, तर म्हणल्या दमानं घे."

अळणी (मसाला पडण्याआधी बाजूला काढलेलं, हळद-मिठाचं फिकं पाणी) म्हणजे काय हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तापातून उठल्यावर आमची आई हेच द्यायची. आजारी माणसाचं, बाळंतिणीचं, लहान पोराचं काढल्याशिवाय आमच्याकडे कोणी फोडणी घालत नाही. तीस वर्षं पुण्यात राहून मी ते विसरलो होतो.

मी बाजेवर बसलो. "त्या हॉटेलातल्यासारखं लागलं का?"

अक्कानं वाटी बाजूला सारली. "हॉटेलातलं अळणीसारखं लागायचं, म्हणून मी पीत हुते. वरचा तो पाला आन् तो माशाचा वास मला सोसायचा न्हाय. नूडल्स तर कशातरी गिळायची."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या कौतुकानं न्यायचास. तुझा चेहरा बघून कसं सांगायचं? वाटलं, ह्याच्या मनासारखं हू दे."

शेवयांचं पाकीट हातातच होतं. ते मी खिडकीत ठेवलं आणि बाहेर जाऊन नानींसमोर बसलो.

"चुकलो, नानी."

"तुमचं मन थाऱ्यावर न्हवतं," त्या म्हणाल्या. "ती तुमची नुसती कोंबडी बघून मलाच वाटलं, हिला अळणी देऊन बघावी. मी इतकं दिस भाकरी कुस्करून, वरण घालून दमले, पर ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाय. जेवा आता."

मी जेवलो. कालवण इतकं जहाल होतं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कालवणाचंच आहे असं समजायला नानींनी मला मोकळीक दिली.

शनिवारी सकाळच्या गाडीनं परत निघालो. बारामतीपर्यंत उसाचे ट्रॅक्टर, पुढं पाटसचा रस्ता, पुढं महामार्ग. येताना मला एकच भीती होती, सूप जमेल का. जाताना तिच्या जागी दुसरी आली होती. दोन महिने आम्ही रोज समोरासमोर बसून जेवलो आणि तिला काय आवडत नाही हे मला कळलं नव्हतं. अजून काय काय कळलं नसेल?

सोमवारी दुपारी दाजींचा फोन आला. वजन वाढलं नव्हतं, पण उतरलंही नव्हतं. डॉक्टरांनी नळी पुढं ढकलली, पंधरा दिवसांनी बघू म्हणाले. मी फोन अक्काला द्यायला सांगितला आणि विचारलं, तुला काय खावंसं वाटतंय.

"काय बी चालंल," ती म्हणाली.

मी फोन ठेवला नाही. तसाच वाट बघत राहिलो. पलीकडं बराच वेळ नुसता तिच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि मग तिनं स्वतःला काय हवं ते पहिल्यांदा सांगितलं.