टॉवेलात बांधलेले पाय

“पाय! अरे पाय, तौफ्या! पाय खाली!”

मल्लेशम मास्तरांची ही आरोळी उठली तेव्हा सभागृहाचे पत्रे थरथरले, छताचे पंखे क्षणभर उलटे फिरले, आणि तिकडे सात रस्त्याच्या सिग्नलला उभ्या असलेल्या दुचाकीस्वारांनी म्हणे आधीच टेकलेले पाय घाबरून पुन्हा एकदा टेकवले. मी तिकडे नव्हतो. पण आरोळी माझ्या कानाशेजारूनच गेली होती, त्यामुळे शपथेवर सांगायला तयार आहे. वैशाखातली रविवारची दुपार. उष्मा असा, की आमच्या कोपऱ्यात माझ्या हातातल्या बादलीतल्या बर्फालाच घाम फुटलेला. आणि समोर, झगमगत्या दिव्यांखाली, बॉक्सिंगच्या तिसऱ्या फेरीत, आमच्या तौफिकचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत वर उचललेला!

बॉक्सिंगमध्ये पाय! देवळात चपला घालून शिरावे तसे.

तौफिक सुताच्या गाठोड्यांचा टेम्पो चालवतो. पण ती त्याची उपजीविका, जीवन नव्हे. जीवन म्हणजे पिंजरा. जाळीच्या पिंजऱ्यात लढायच्या, एमएमए नावाच्या त्या सर्वभक्षी खेळात तो आठ वर्षे मुरलेला. तिथे मूठ चालते, लाथ चालते, कोपर, गुडघा, कुस्तीची पकड, सारे चालते. त्याची लाथ बसलेली वाळूची पिशवी मी तीन दिवस डोलताना पाहिली आहे. चौथ्या दिवशी आम्हीच चौघांनी मिठी मारून तिला थांबवली. असा हा गडी बत्तिसाव्या वर्षी म्हणू लागला, मला व्यावसायिक बॉक्सर व्हायचे आहे, नुसत्या दोन मुठींचा. का? तर म्हणे, “सगळ्यात कमी हत्यारं जिथं, तिथंच माणूस कळतो.”

बॉक्सिंग शिकवणारे एकच दार त्याला ठाऊक होते. मल्लेशम मास्तरांचे. तरुणपणी यंत्रमागावर राबलेला, हाडे धोट्यासारखी चपळ राखलेला हा तेलुगू म्हातारा पिंजऱ्यातल्या खेळाला खेळच मानत नसे. त्याने तौफिकला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि अट घातली. “एक लढत. चार फेऱ्या. मंग बघू. पन त्या लढतीत पाय उठला, की तुजं-माजं संपलं. परत ह्या दारात यायचं न्हाय.”

आणि मग मास्तरांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. आपला सोलापुरी, जाड, पाणी प्याला की शेरभर वजनाचा होणारा टॉवेल! तो त्यांनी तौफिकच्या दोन्ही गुडघ्यांना असा बांधला, की पाऊल सरकावे, पण उठू नये. सहा महिने, रोज पहाटे, हा वाघ दावणीच्या वासरासारखा त्या टॉवेलात फिरला. पहिल्या दिवशी तो सतरा वेळा पडला. (मी नंतर सगळीकडे सत्तर सांगितले, सतरा काही कुणाच्या लक्षात राहत नाही.) प्रत्येक पडण्याला मास्तर तेलुगूत आकडा घालत, ओकटी, रेंडू, मूडू, आणि तो हसत उठे.

शिकणे अवघड, असे आपण म्हणतो. पण आलेले न वापरणे किती अवघड! पंचपक्वान्नांच्या पंक्तीत बसून नुसती भाकरी मोडणाऱ्याचा संयम कोणत्या तराजूत तोलावा? पिंजऱ्यातला माणूस बॉक्सिंगमध्ये टिकेल का, या प्रश्नावर आमच्या जुळे सोलापुरातल्या चहाच्या टपरीवर दोन मैत्र्या तुटल्या आणि एक ठरलेले लग्न मोडता मोडता राहिले. एक पक्ष म्हणे, उभे राहण्याची ढबच निराळी, दोन महिन्यांत हाडे मोडतील. दुसरा म्हणे, ज्याने लाथा सोसल्या त्याला ठोशांचे काय भय! मला मात्र त्या वेळी नवी पेठ आठवे. तिथला कापडवाला एका गिऱ्हाइकाशी कन्नड बोलतो, दुसऱ्याशी उर्दू, तिसऱ्याशी मराठी, आणि नफा मात्र मनातल्या मनात स्वतःच्याच भाषेत मोजतो. शरीरालाही मातृभाषा असतेच की! दुसरी भाषा कितीही घोटा. अंगठ्याला ठेच लागली, की तोंडून निघते ती आईचीच.

त्या तिसऱ्या फेरीत तौफिकला ठेच लागली होती. बरगडीवर ठोसा बसला आणि पाय आपल्या मातृभाषेत ओरडला.

पण काय नवल! पाय वर आला आणि थबकला. जणू तो टॉवेल अजून तिथेच होता! पंच झेपावायच्या आत तो मुकाट खाली टेकला. मात्र समोरच्या गड्याची नजर त्या पायामागे गेली, हात क्षणभर खाली आले, आणि तौफिकची उजवी मूठ अशी सुटली, की प्रतिस्पर्धी आडवा. सभागृह उठून उभे राहिले. माझी बादली पालथी झाली. पहिल्या रांगेतल्या एका काकांना, मे महिन्यात, हुडहुडी भरली.

आणि इथेच आमच्या माणसाने ती चूक केली, जी पिंजऱ्यातलाच माणूस करू जाणे. समोरचा पडला, की बॉक्सरने लांबच्या तटस्थ कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. त्याशिवाय पंच आकडे मोजत नाहीत. पिंजऱ्यात कुणी कुठे जात नाही. पडलेल्यावर झेप घ्यायची. तौफिक झेपावला, थांबला, मूठ मागे घेतली. कोपऱ्यात जायचे एवढे त्याला आठवले, पण कोणत्या? तो भर आनंदात धावत आला तो आमच्याच कोपऱ्यात. “मास्तर, अब किधर जाना?”

“हितं न्हवं रे! तिकडं! तिकडं!”

तो तिकडे पोहोचून मोजणी सुरू होईपर्यंत आडव्याला पुरेसा श्वास मिळाला. तो आठवर उठला, चौथ्या फेरीत पळत राहिला आणि एका गुणाने जिंकला.

मी कपडे बदलण्याच्या खोलीत गेलो तेव्हा तौफिक बाकावर बसला होता. हरल्याचे दुःख त्याच्या चेहऱ्यावर नव्हते. नजर दाराकडे होती. पाय उठला होता. अट साऱ्या गावाने ऐकली होती, कारण ती मीच गावाला सांगितली होती. मास्तर आत आले. पन्नास वर्षे मराठी बोलूनही त्यांच्या बोलण्यातला तेलुगू हेल गेलेला नाही, आणि त्यावाचून कुणाचे काही अडलेलेही नाही. हे त्या क्षणी त्यांच्या मनात आले का, कोण जाणे.

“मास्तर,” तौफिक म्हणाला, “पाय उठला.”

मास्तरांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, हुंगला आणि त्याच्या मांडीवर टाकला.

“धुऊन आन. उद्या बांधायला लागंल.”