नाक्यावर वाचलेली चिठ्ठी

सरहद्दीच्या नाक्यावर मी इंग्रजी वाचणारा म्हणून लागलो, तेव्हा मला इंग्रजी अर्धंच येत होतं. छापलेलं वाचता यायचं, हातानं लिहिलेलं यायचं नाही. ही गोष्ट दोनच माणसांना माहीत होती. एक मी आणि दुसरे ज्यांनी मला शिकवलं ते मोटारीचे मिस्त्री. आमच्याकडची काही म्हातारी माणसं आजही त्या मिस्त्रींच्या घराला खबऱ्याचं घर म्हणतात. ते नाव का पडलं आणि त्यात माझा हात किती, ते आता लिहितो.

आमचं गाव नळदुर्गजवळ, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून. सोलापूर इंग्रजांचं, आम्ही निजामाचे. शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत, घरात मराठी आणि आजोळी कानडी. शाळेत इंग्रजीचा तास होता, पण मास्तर बहुतेक दिवस रजेवर. ए बी सी डी संपली आणि वडलांनी मला शाळेतून काढून कापसाच्या वखारीत लावलं.

मिस्त्रींचं दुकान रस्त्याकडेला, लिंबाच्या झाडाखाली. वर पत्रा, खाली तेलानं काळी झालेली जमीन. मी त्यांना मामा म्हणायचो. नात्यानं ते कुणी नव्हते. तरुणपणी त्यांनी सोलापुरात एका गॅरेजात काम केलं होतं आणि तिथून येताना लॉरीच्या सुट्या भागांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. प्रत्येक पानावर चित्र, चित्रातल्या प्रत्येक तुकड्याला नंबर आणि खाली नाव. मामा त्या पुस्तकावरूनच इंग्रजी शिकले होते. मलाही त्यावरूनच शिकवलं. वखार सुटली की मी तिकडं जायचो. ते लॉरीखाली आडवे पडलेले असायचे आणि तिथूनच ओरडायचे, "वाच की रं, गप का बसलास? हितं मला दिसत न्हाय, तुला तर दिसतंय न्हवं?"

मी वाचायचो. नट कसा आवळावा, किती आवळू नये, तेल कधी बदलावं. माझं पहिलं इंग्रजी सगळं हुकूम देणारं होतं. मामी चहा आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तुमी दोघं गाडीलाच इंग्रजी शिकवा. ती तरी सुरू हुईल."

एकदा मी मामांना विचारलं, "हातानं लिहिलेलं कसं वाचायचं?" ते म्हणाले, "ते मलाबी येत न्हाय बाबा. सायबाचं अक्षर म्हंजे शेवयाचं ताट. कुठली शेवई कुठं संपती, कळत न्हाय."

पुढं नाक्यावर माणूस हवा असल्याचं कळलं. सोलापूरकडून येणाऱ्या मालावर, खोक्यांवर, कागदांवर इंग्रजी असायचं आणि नाक्यावर ते कुणाला वाचता येत नव्हतं. मी गेलो. नाक्याच्या प्रमुखांना अमीनसाहेब म्हणत. त्यांनी औषधाची एक बाटली माझ्यापुढं धरली. मी वरची चिठ्ठी खडाखडा वाचली आणि अर्थ सांगितला. ते खूश झाले, पण लगेच डोळे बारीक करून म्हणाले, "अंग्रेजी किससे सीखा रे?"

त्यांचा असा समज होता, आणि तो त्यांच्या एकट्याचा नव्हता, की इंग्रजी जाणणारा माणूस निम्मा सोलापूरचा असतो. मी म्हणालो, "स्कूल में, साब."

हे पहिलं खोटं. ते बोलताना मला काहीच वाटलं नाही. मामांचं नाव घेतलं तर नोकरी जाईल एवढंच डोक्यात होतं.

नोकरी लागली आणि माझा आवाज बदलला. मी सांगतो ते लोकांना पटणार नाही, पण खरंच बदलला. वखारीत मी मान खाली घालून बोलायचो. नाक्यावर हातात इंग्रजी कागद आला की माझी मान आपोआप वर व्हायची. माझ्या वडलांच्या वयाचे व्यापारी हात जोडून उभे राहायचे आणि मी कागद मुद्दाम सावकाश उलटायचो. वडीलसुद्धा घरी मला "तुम्ही जेवलात का?" असं विचारू लागले. पहिल्यांदा त्यांनी तसं विचारलं तेव्हा मी ओशाळलो. महिन्याभरात सवय झाली.

हातानं लिहिलेले इंग्रजी कागद क्वचितच यायचे. व्यापाऱ्यांची पत्रं मोडीत, कानडीत, गुजरातीत असत. त्यांना दुसरी माणसं होती. इंग्रजी आलंच तर ते टंकलेलं असे. एखादं हाताचं आलं तर मी त्यावरून नजर फिरवायचो, मान हलवायचो आणि म्हणायचो, "घरेलू है, साब." ते सोडून दिलं जायचं. माझी लबाडी कुणाला नडत नव्हती, असं मी स्वतःला सांगत होतो.

मग सरहद्द तापली. इंग्रज गेले, सोलापूर हिंदुस्थानात गेलं आणि आम्ही निजामाकडंच राहिलो. पलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प पडले. कोण कुठल्या बाजूचा, हे कुणाला सांगता येईना. चहाच्या टपरीवर नवा माणूस बसला की बोलणं थांबायचं. अमुक सावकार रोज सोलापूरला का जातो, तमुक मास्तरांकडं पाहुणे कुठले आले, हेच चाललेलं असायचं. माझ्याबद्दलही बोलत असतील, अशी मला खात्री होती. दोन्हीकडचे बोलत असतील. त्यातच एका ट्रकमधल्या पोत्यातून सरकारविरुद्धची छापील पत्रकं आमच्या नाक्यावरून पार झाली आणि पुढं सापडली. वरून अमीनसाहेबांना खरमरीत विचारणा आली. त्या दिवसापासून ते माझ्या खुर्चीमागं उभे राहू लागले.

अशा आठवड्यात मामा सोलापूरहून आले. दुपारची वेळ होती. एका लॉरीवाल्याबरोबर ते पुढच्या बाकावर बसून आले होते. झडतीत त्यांच्या बंडीच्या खिशात एक घडी घातलेला कागद सापडला. इंग्रजी, हातानं लिहिलेला आणि मधे मधे लांबलचक आकडे.

"ये क्या है?" अमीनसाहेब म्हणाले.

"सामानाची चिठ्ठी हाय साहेब. हुमनाबादच्या मालकाची लॉरी माझ्याकडं पडलीया. दुकानदारानं मालकाला दाखवायला लिवून दिलीया."

"पढ के बता."

"मला हाताचं वाचता येत न्हाय, साहेब. हे बाबू बसलेत, ते सांगतील."

बाबू म्हणाले मला. ज्या माणसानं मला "गाढवा, पान उलट" म्हणून शिकवलं, त्यानं ओळखीचं एक अक्षरही तोंडावर येऊ दिलं नाही. ते मला सांभाळत होते हे मला तेव्हाच कळलं. नंतर कळलं असं मी म्हणणार नाही.

कागद माझ्या हातात आला. ओळी मला वाचता आल्या नाहीत. पण आकडे मी ओळखले. त्यातला एक तर पाठ होता. मागच्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याचा नंबर, मामांच्या पुस्तकात कोपरा फाटलेल्या पानावरचा. कितीदा तरी मी तो मोठ्यानं वाचला होता.

मी नुसतं "साब, ये लॉरी के पुर्जों के नंबर हैं" एवढं म्हणायचं होतं. बाकीच्या ओळी वाचायची गरजही पडली नसती.

तेवढ्यात अमीनसाहेब माझ्या कानाशी वाकले. "तेरी पहचान का है क्या?"

माझ्या डोक्यात सगळं एकदम येऊन गेलं. पुर्जे म्हणालो तर विचारतील, तुला पुर्ज्यांचे नंबर कसे ठाऊक? मग मामांच्या दुकानाचं निघेल. मग शाळेचं खोटं निघेल. मग म्हणतील, वरच्या ओळी वाच. मी म्हणालो, "नै साब." आणि कागदाकडं बघत, माझ्या त्या नव्या आवाजात सांगितलं, "नंबर हैं. काहे के हैं, वो इसमें नै लिखा."

मामा माझ्याकडं बघत होते. मला हाताचं अक्षर येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. "हा पोरगा माझ्याच दुकानात शिकलाय, त्याला ही चिठ्ठी वाचताच येत न्हाय," एवढं ते बोलले असते तर माझा निकाल तिथंच लागला असता आणि त्यांच्यावरचा संशय बराचसा उतरला असता. ते बोलले नाहीत. त्यांनी टोपी नीट केली आणि शिपायाबरोबर गेले.

त्यांना नळदुर्गला ठेवलं, तिथून आणखी पुढं नेलं. काय विचारलं, कसं विचारलं, मी कधी विचारलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी सोडलं. परतले तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. मिस्त्रीची बोटं होती ती.

पण खरं नुकसान पुढं झालं. गावात लोक म्हणू लागले, हे सुटले कसे? त्या दिवसांत आत गेलेला माणूस इतक्या लवकर सुटत नसे. काहीतरी सांगून सुटले असतील. कुणाची नावं दिली असतील. नेमकं त्याच महिन्यात शेजारच्या गावात दोघांना धरून नेलं, आणि लोकांना पुरावा मिळाला. मला ठाऊक होतं की त्यांच्याकडं सांगण्यासारखं एकच नाव होतं, माझं. आणि मला विचारायला नाक्यावर कुणीही आलं नव्हतं. एवढ्यावरून मला सगळं कळत होतं. मी टपरीवर बसून लोकांचं ऐकत होतो. एकानं मला विचारलं, "बाबू, तुमी नाक्यावर असता. तुमाला काय वाटतंय?" मी म्हणालो, "कुणाचं काय सांगता येतंय?"

पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. नाका उठला. तिथले कागद लावायला इंग्रजी येणारा म्हणून मलाच बसवलं. तोवर मी एका पेन्शनर मास्तरांकडं जाऊन हाताचं अक्षर वाचायला शिकलो होतो. चिठ्ठी एका बासनात निघाली. दुकानदारानं मालकाला लिहिलं होतं, या नंबरचा पाटा आमच्याकडं नाही, मुंबईहून मागवतो, पंधरा दिवस लागतील, तोवर मिस्त्रींना सांगून दुसऱ्या नंबरचा बसवून घ्या. खाली सही. मी ती चिठ्ठी पुन्हा बासनात बांधली.

मग मी तहसिलीत लागलो, तेही इंग्रजीवर. बाहेरून आलेल्या साहेबांना उर्दू येत नव्हतं आणि आमच्या जुन्या कारकुनांना इंग्रजी. मधे मी. माझ्याहून हुशार, फारसी कोळून प्यालेली माणसं माझ्या हाताखाली आली आणि माझ्याशी बोलताना चाचरू लागली.

वर्षभरातच मामांचा अर्ज आला. सरकारी मोटारींच्या कारखान्यात त्यांना जागा मिळत होती. चालचलणुकीचा दाखला हवा होता. पूर्वी अटक झाल्याची नोंद असल्यानं साहेबांनी कागद माझ्याकडं टाकला आणि स्थानिक माणूस म्हणून शेरा लिहायला सांगितलं. आता भ्यायचं कारण नव्हतं. अमीनसाहेब नव्हते. उलट निजामाच्या अटकेत राहिल्याचा त्यांना फायदाच झाला असता. पण अटक का झाली हे लिहिलं असतं, तर चिठ्ठी कुणी वाचली हा प्रश्न आला असता.

मी इंग्रजीत लिहिलं, या इसमाबद्दल काही माहिती नाही.

मराठीत मला ते लिहिता आलं नसतं असं वाटतं. मराठीत मामा समोर उभे राहिले असते. इंग्रजीत ते इसम होते. पण हेही मी स्वतःच्या सोयीसाठी म्हणत असेन. जागा दुसऱ्याला गेली. मामांनी दुकान मोडलं आणि सोलापुरात कुणाच्या तरी हाताखाली राबले. मी नायब तहसीलदार होऊन निवृत्त झालो.

मामा गेले, मामी गेल्या. त्यांचा मुलगा म्हातारपणी गावी परतला. गेल्या उन्हाळ्यात काठी टेकत मी त्याच्याकडं गेलो आणि सगळं सांगितलं. तो शेंगा फोडत होता. थांबला नाही.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "वडलांनी सांगितलं व्हतं. म्हनले, पोरगं भ्यालं व्हतं. त्येचं नाव कुठं काढू नका."

"मग तुम्ही कधी काही बोलला नाहीत?"

"कुनाला बोलायचं? तुमी तहसिलीत बसलेले. सात-बारा काडायला आलो की तुमालाच नमस्कार घालायचा." टरफलं बाजूला सारत म्हणाला, "मला सांगून काय उपेग? बाजारात सांगा."

मी आठवडी बाजारात, टपरीवर, जुन्या माणसांत बसून सांगितलं. ते ऐकून घेत होते आणि एकमेकांकडं बघत होते. शेवटी एक जण म्हणाला, "नायबसाहेब, इतक्या वर्सांनी? त्या घरची सोयरीक जमंना झाली व्हय? काय दिलं त्यांनी तुमाला?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "अवो, दोघं संगंच आसतील तवा. आता एक दुसऱ्याला धुतोय."

मी परत मुलाकडं गेलो आणि झालं ते सांगितलं. त्यानं मला पाणी दिलं. म्हणाला, "त्येंचं काय चुकलं? तुमच्या तोंडाचं आता कोन खरं धरतंय? लिवून द्या. सही करा. आन् मराठीत लिवा. नातवाला शाळंतल्या पोरांपुडं वाचता आलं पायजे."

तर लिहून देतो. मिस्त्रींनी कुणाची खबर कुणाला दिली नाही. ते हुमनाबादच्या लॉरीच्या मागच्या पाट्याची चिठ्ठी घेऊन येत होते. ती मला वाचता आली नाही, आणि जे वाचता आलं ते मी सांगितलं नाही.